कंट्रोलर कुठलाही घे भावा, पण हेडफोनचा आउट वेगळा हवा

पत्र (थोडं कमी करून देतोय):

"दादा, मी कराडजवळच्या एका गावात राहतो, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात हळद, बारसं, वाढदिवस असला की गाणी मीच लावतो. साउंडवाला दुसरा असतो, मी फक्त लॅपटॉप घेऊन जातो. लॅपटॉप जुना आहे, आय-थ्री, ४ जीबी रॅम. सॉफ्टवेअर मित्राने क्रॅक करून टाकून दिलेलं, ते आता मधेच हँग होतं. साठवलेले १५ हजार आहेत. इथले एक सीनियर डीजे म्हणतात मोठा सेट हप्त्यावर घे नाहीतर या लाइनमध्ये येऊ नको, फुकटच्या सॉफ्टवेअरवर कोण डीजे होत नाही. आई म्हणते कर्ज काढायचं नाही. मिक्स्स नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल वाचलं. ते स्टेजवर टिकेल का? कंट्रोलर कुठला घेऊ? आणि मराठी गाण्यांचं बीपीएम कायम चुकीचं दाखवतं, त्याचं काय करू?"

भावा,

आधी आईचं ऐक. कर्ज काढू नको, गरजच नाहीये. १५ हजारात तुझं काम नीट सुरू होतं, त्यातून थोडे उरतील सुद्धा, फक्त पैसे कुठे घालायचे ते कळलं पाहिजे आणि इथेच बहुतेक पोरं चुकीच्या गोष्टीच्या मागे लागतात.

तुझ्या पत्रात सॉफ्टवेअर आहे, कंट्रोलर (सॉफ्टवेअरमधली गाणी हाताने चालवायचं चाकं-बटणांचं यंत्र) आहे, सीनियर आहेत, पण हेडफोनचा एक शब्द नाही. म्हणजे आत्ता तू लॅपटॉपचा एकच आउट साउंडवाल्याच्या मिक्सरला देतोस आणि पुढचं गाणं लोकांना ऐकू येतं तेव्हाच तुलाही पहिल्यांदा ऐकू येतं, बरोबर? डीजेचं अर्धं काम त्याच्या आधीच होतं. वाढायच्या आधी चमच्यावर घेऊन चव बघतात तसं पुढचं गाणं आधी आपल्या कानात घ्यायचं, ठेका कुठे पडतोय ते बघायचं, आवाज कमी-जास्त आहे का बघायचं, आणि मगच ते बाहेर सोडायचं. याला क्यूइंग म्हणतात. त्यासाठी दोन वेगळे आउट लागतात, एक लोकांसाठी आणि एक तुझ्या हेडफोनसाठी. तुझ्या पैशातून पहिली गोष्ट ही विकत घ्यायची, बाकी सगळं नंतर.

आता मिक्स्स. स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स आहेत, सर्च करताना तसंच टाक, आणि डाउनलोड फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून कर. हे सॉफ्टवेअर कालपरवाचं नाहीये, २००१ मध्ये ट्यू हास्टे अँडरसन नावाच्या डेन्मार्कच्या संशोधकाने कोपनहेगन विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामातून ते सुरू केलं आणि तेव्हापासून जगभरातले लोक मिळून त्यावर काम करतायत. जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे फुकट आहेच पण उद्या कोणी ते बंद करून पैसे मागेल ही भीतीही नाही. चार डेक (एकेक गाणं वाजवायची जागा), हॉटक्यू (गाण्यातल्या हव्या त्या जागेची खूण), लूप, सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणं), कीलॉक (लय बदलली तरी सूर तोच ठेवणं), इफेक्ट्स, सॅम्पलर (छोटे तुकडे वाजवायची सोय), रेकॉर्डिंग सगळं आत आहे, डेमो व्हर्जन वगैरे काही प्रकार नाही. स्टेजवर टिकतं का, तर हो, नीट सेट केलेल्या लॅपटॉपवर टिकतं. आणि क्रॅक सॉफ्टवेअर मात्र आजच काढ. त्याला अपडेट मिळत नाही, आत कोणी काय घुसवलंय ते आपल्याला कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर तुझे कॉलेजचे फॉर्म आणि बँकेचं लॉगिन असणार. हँग होणं ही त्यातली सगळ्यात छोटी कटकट आहे.

सीनियरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे ती पण सांगतो. मोठ्या शहरातल्या क्लबमध्ये पायोनियरचे प्लेअर बसवलेले असतात आणि तिथे डीजे रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला पेनड्राइव्ह घेऊन जातात, त्या जगात जायचं ठरलं तर ते शिकावं लागेल. पण तू आत्ता हळदीला वाजवतोस, लॅपटॉप तुझा, गाणी तुझी, तिथे कुणी तुझ्या स्क्रीनवर कुठलं नाव लिहिलंय ते बघत नाही. पुढे क्लबला गेलास तरी बीट मॅच करायला शिकलेला कान तोच राहणार आहे.

कंट्रोलर. दुकानात किंवा ऑनलाइन बघताना दोनच प्रश्न विचार. एक, याच्यात साउंडकार्ड (आवाज बाहेर काढणारा भाग) आहे का आणि मास्टर, म्हणजे लोकांसाठीचा, आणि हेडफोनचा असे आउट वेगळे आहेत का. दोन, मिक्स्समध्ये याचं मॅपिंग आहे का, म्हणजे कुठलं बटण काय करतं ते सॉफ्टवेअरला आधीच माहीत आहे का. मिक्स्सच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या कंट्रोलरची मोठी यादी आहे, पैसे देण्याआधी त्यात आपलं मॉडेल शोधायचं. हर्क्युलिसचा डीजेकंट्रोल इनपल्स २०० किंवा ३००, त्याहून छोटा हवा असेल तर हर्क्युलिसचाच स्टारलाइट किंवा न्यूमार्कचा डीजेटूगोटू टच, हे सगळे साउंडकार्डवाले आहेत आणि यूएसबीवरच चालतात, वेगळा अडॅप्टर लागत नाही. तुझ्या जागी मी असतो तर इनपल्स २०० बघितला असता कारण जॉगव्हील (गाणं पुढेमागे करायचं चाक) आणि फेडर (सरकवायची बटणं) बोटांना पुरेसे मोठे आहेत, स्टारलाइट खूपच छोटा पडतो आणि हळदीच्या गर्दीत कोपराचा धक्का लागला की फेडर हलतो. पायोनियरच पाहिजे असेल तर सेकंडहँड डीडीजे ४०० मिळतो का बघ, तो आता बनत नाही पण मिक्स्समध्ये छान चालतो. डीडीजे २०० मात्र स्वस्तात मिळाला तरी थांब, त्याच्यात साउंडकार्ड नाही, स्प्लिटर केबलचा जुगाड करावा लागतो आणि मग लोकांना स्टिरिओ मिळत नाही.

सेकंडहँड घेताना लॅपटॉप आणि हेडफोन सोबत घेऊन जा. सगळे फेडर सावकाश वरखाली करून खरखर येते का बघ, हेडफोनचा जॅक हलवून बघ, यूएसबीचं सॉकेट ढिलं आहे का बघ, ते ढिलं असेल तर कितीही स्वस्त असो सोडून दे कारण ऐन वरातीत तेच सुटणार. उरलेल्या पैशातून कान झाकणारे वायरवाले हेडफोन घे. ब्लूटूथ अजिबात नको, आवाज उशिरा पोचतो आणि बीट मॅच करणं अशक्य होतं.

कंट्रोलर येईपर्यंत थांबायचीही गरज नाही बरं का. काही शे रुपयांचं साधं यूएसबी साउंडकार्ड घे, मिक्स्सच्या साउंड हार्डवेअर सेटिंगमध्ये मेन आउट यूएसबी कार्डला दे आणि हेडफोनचा आउट लॅपटॉपच्या जॅकला दे. दोन वेगळी कार्डं एकदम चालवायची सोय आहे त्यात. स्टेजवर यावर भरवसा ठेवू नको, पण घरी सराव आजपासून सुरू होतो.

लॅपटॉप जुना आहे म्हणतोस, तर हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाक, तेवढ्याने फरक दिसतो. विंडोज जड जात असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून बघ, बीसीएसला आहेस तर हे शिकलेलं कॉलेजमध्ये पण उपयोगी पडेल. सेराटो आणि रेकॉर्डबॉक्स ही दुसरी डीजे सॉफ्टवेअर लिनक्सवर येतच नाहीत, मिक्स्स मस्त चालतं, आणि मी सांगितलेल्यांसारखे यूएसबी मिडी कंट्रोलर ड्रायव्हर न टाकता ओळखले जातात. साउंड हार्डवेअर सेटिंगमध्ये ऑडिओ बफर, म्हणजे आवाज किती वेळ आधी साठवायचा ते, सुरुवातीला २३ मिलिसेकंदावर ठेव. त्याच पानावर खाली अंडरफ्लोचा आकडा दिसतो, गाणं चालू असताना तो वाढत असेल तर आवाज तुटतोय असं समज आणि बफर ४६ वर ने. आय-थ्रीवर कीलॉकसाठी साउंडटच निवड, रबरबँड या दुसऱ्या पर्यायाचा आवाज जास्त चांगला आहे पण प्रोसेसर जास्त खातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळी लायब्ररी आदल्या रात्री घरी ॲनलाइज करून ठेव, म्हणजे गाण्यांचे ठोके सॉफ्टवेअरला आधीच मोजू दे, स्टेजवर नवीन गाणं टाकलं की जुना लॅपटॉप तिथेच धापा टाकतो. कार्यक्रमात वायफाय बंद, अपडेट बंद, स्लीप बंद.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त आवडला, कारण याच्यावर मराठीत कोणी नीट बोलतच नाही.

मराठी गाण्यांचं बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा, चुकतो याची दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. पहिलं कारण ठेका. बीट शोधणारा प्रोग्राम बहुतेक वेळा चारच्या हिशोबाने चालणाऱ्या डान्स म्युझिकवर छान काम करतो. केरवा तालातलं गाणं असेल तर आठ मात्रा, चारात बसतात, तिथे फार तर दुप्पट किंवा निम्मं दाखवेल. पण दादरा, सहा मात्रा, आपल्या कितीतरी कोळीगीतांना, गोंधळाच्या गाण्यांना ही सहाची झुलती चाल असते, तिथे प्रोग्राम तीन-तीनचे घास मोजायचे की दोन-दोनचे यात गोंधळतो आणि आकडा दीडपट किंवा दोन तृतीयांश येतो. म्हणजे तुला पायाने ठेका धरल्यावर ९० वाटतंय आणि स्क्रीनवर १३५ आहे. गाण्यावर राइट क्लिक करून बीपीएमच्या मेनूत जा, तिथे दुप्पट, निम्मं, २/३, ३/४, ४/३, ३/२ असे तयार पर्याय दिलेत, १३५ ला २/३ केलं की ९०, झालं. मग तिथेच बीपीएम लॉक करून टाक म्हणजे पुन्हा ॲनलाइज झालं तरी बदलणार नाही.

दुसरं कारण म्हणजे माणसं. जुन्या लावण्या, लोकगीतं, पोवाडे, भीमगीतं, यातलं कितीतरी रेकॉर्डिंग क्लिक ट्रॅकशिवाय (कानात मशीनची टिकटिक न घेता) झालेलं, ढोलकीवाला आणि गाणारा एकमेकांकडे बघून वाजवत होते, त्यामुळे कडव्याला लय थोडी बसते आणि शेवटाला चढते, चढायलाच पाहिजे, त्यातच मजा आहे. मिक्स्स सुरुवातीला असं धरून चालतं की सगळ्या गाण्याची लय एकच आहे. बीट डिटेक्शनच्या सेटिंगमध्ये कॉन्स्टंट टेम्पो गृहीत धरायची एक टिकमार्क आहे, ती काढून अशी गाणी पुन्हा ॲनलाइज कर, मग ठोक्यांच्या खुणांचं ग्रिड लयीबरोबर हलतं. त्यानंतर नवीन गाण्यांसाठी टिकमार्क परत लाव, कारण कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्यांना तेच बरोबर आहे.

तरीही सांगतो, अशा गाण्यांवर सिंकचं बटण दाबून निश्चिंत होऊ नको. ढोलकीची चढती लय आणि मशीनचा सरळ ठेका एकावर एक लांबवर ठेवले तर कुठेतरी घसरणारच, आणि हळदीतल्या बायकांचे पाय ते लगेच ओळखतात, नाचता नाचता थबकतात. तिथे मिसळायच्या ऐवजी तोडायचं. गाण्यात हलगीचा किंवा ढोलकीचा तुकडा संपून सम येते ना, तिथे हॉटक्यू लावून ठेव, चालू गाण्यावर इको टाक, त्याची शेपूट हवेत असताना पुढचं गाणं समेवर सोड. सहाच्या चालीवरून चारच्या चालीवर जायचं असेल तर हाच रस्ता मला सगळ्यात खात्रीचा वाटतो. आणि हे हेडफोनमध्ये आधी ऐकल्याशिवाय होत नाही, म्हणून मी सुरुवातीपासून त्याच्याच मागे लागलोय. रोज थोडा वेळ सिंक बंद ठेवून, स्क्रीनकडे न बघता, फक्त पिच फेडरने (गाण्याचा वेग कमी-जास्त करायची पट्टी) दोन गाणी जुळव. स्वतःचा सराव मिक्स्समध्येच रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, ताबडतोब नको, दुसऱ्या दिवशी कान जास्त खरं बोलतो.

अजून एक कल्पना देतो, करून बघ. तुमच्या भागात चांगले हलगीवाले असतील. त्यांना विचारून, त्यांची बिदागी देऊन, आठ-दहा तुकडे वेगवेगळ्या लयीत रेकॉर्ड कर आणि मिक्स्सच्या सॅम्पलरमध्ये भर. दोन गाण्यांच्या मधे त्यांचा चार मात्रांचा तुकडा सोडलास तर ते दुसऱ्या कुठल्याच डीजेकडे नसेल, मोठ्या सेटवाल्याकडेही नाही.

गाण्यांच्या फायलींवर कंजूषी करू नको. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं मोबाईलवर ठीक वाटतं पण मोठ्या बेसवर त्याचा पोकळपणा उघडा पडतो, आणि ते बरोबरही नाही. आयट्यून्स स्टोअरवरून विकत घेतलेली गाणी मिक्स्समध्ये चालतात, स्वतंत्र कलाकारांचं काम बँडकॅम्पवर मिळतं, आणि घरोघरी माळ्यावर पडलेल्या सीडी आहेत, त्या फ्लॅकमध्ये (आवाज न घटवणारा फाइलचा प्रकार) उतरवून घे, आवाज ऐकून तुलाच आश्चर्य वाटेल. स्पॉटिफायचं मिक्स्सला काही जोडता येत नाही, त्यामुळे गाणी स्वतःकडेच असायला हवीत, गावाकडच्या नेटवर्कवर तेच बरं. हळद, वरात, वाढदिवस, जेवण असे क्रेट, म्हणजे गाण्यांचे गट कर. जेवणाचा क्रेट आपोआप गाणी लावणाऱ्या ऑटो डीजेला लावलास की तूही पंगतीत बसू शकतोस. जुन्या गाण्यांचा आवाज लहान आणि नवीन गाण्यांचा मोठा असा फरक असतो तो मिक्स्सचं रिप्लेगेन सांभाळतं, ते चालू ठेव. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये मिक्स्सच्या नावाचं लपलेलं फोल्डर असतं, तुझे सगळे हॉटक्यू आणि क्रेट त्यात आहेत, गाण्यांच्या फायलीत नाही, त्यामुळे त्याची कॉपी पेनड्राइव्हवर ठेव.

कार्यक्रमाला जाताना आरसीए ते पी-३८ (मिक्सरला लागणारी जाड पिन) केबल स्वतःची ने, आणि एक जास्तीची. माइक साउंडवाल्याच्या मिक्सरलाच राहू दे, तुझ्या लॅपटॉपमधून फिरवू नको. चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा आवाज आला तर ती बहुतेक अर्थिंगची भानगड असते, मांडवात अर्थिंग नीट असेलच असं नाही. चार्जर काढून बघ, आवाज गेला तर डीआय बॉक्स किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा आवाज अडवणारी डबी, मधे लावायची. बॅकअप म्हणून मोबाईलवर तासाभराचं स्वतःचं रेकॉर्ड केलेलं मिक्स ठेव आणि मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला त्याची वायर आधीच लावून ठेव. लॅपटॉप कुठलाही असो, सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो, ही वायर हवीच.

लायसन्सचं विचारलं नाहीस पण विचारतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांना सूट आहे. वाढदिवस हॉटेलात असेल किंवा तिकीट लावून कार्यक्रम असेल तर ती सूट धरू नको, आयोजकाला आधी विचार की लायसन्स घेतलंय का. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही दिवस १२ पर्यंत सवलत मिळते ती सरकारने जाहीर केलेल्या सणांची, हळदीची नाही. यजमान दहा वाजता "अजून एकच" म्हणतीलच, त्यांना आधीच सांगून ठेव, आणि सगळ्यात जोरदार गाणी साडेनऊच्या आत वाजव म्हणजे कुणाचं मन मोडत नाही.

शेवटी कान. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मांडवात स्पीकरच्या भिंतीशेजारी १०० सहज होतं. तू एकोणीस-वीस वर्षांचा असशील, एकदा कान गेला की परत येत नाही. तुझं टेबल स्पीकरच्या रेषेच्या मागे लावायला सांग, संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात ते घे, हेडफोन एका कानावर ठेवायची सवय लाव पण आवाज कमीत कमी. आणि कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी.

सीनियरांशी भांडू नको. त्यांना एखाद्या कार्यक्रमाला साउंड कसा लावायचा ते विचार, त्यांच्याकडे ते ज्ञान नक्की असणार आणि ते यूट्यूबवर मिळत नाही. कंट्रोलर घेतलास की मॉडेलचं नाव आणि लॅपटॉपचं पूर्ण नाव लिहून पाठव, लिनक्सवर आवाजाचं काही अडलं तर त्यावर परत बोलू.